ठोसा पचवायचा म्हणजे मुलांना नेमकं काय शिकवायचं?

आखाडा_ते_रिंग

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी संध्याकाळची बॉक्सिंगची बॅच आहे. 14 ते 19 वयाची बारा-पंधरा मुलं, त्यातली निम्मी कुस्तीतून आलेली. बॅगवर आणि पॅडवर सगळी वाघ असतात. स्पारिंगला (सरावाच्या लढतीला) उभं केलं की तीन गोष्टी ठरलेल्या: जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आला की डोळे मिटतात, हनुवटी वर जाते आणि पोरगं सरळ रेषेत मागे पळतं. पोटात एक बरा ठोसा बसला की पुढची फेरी संपेपर्यंत हात खालीच.

यावर सल्ले भरपूर मिळतात. मार खाल्ल्याशिवाय मार पचत नाही, तेव्हा रोज जोराचं स्पारिंग लावा. कपाळावर रोज थापट्या मारा म्हणजे डोकं पक्कं होतं. पैलवानांसारखा मानेवर ब्रिज (मागे वाकून डोक्यावर अंग तोलणं) करून घ्या. जुना हेवीवेट विजेता जॅक डेम्प्सी चेहरा मिठाच्या पाण्यात भिजवायचा, तसं करा.

यातलं खरं किती? ठोसा सोसण्याची ताकद शिकवून येते की ती जन्मजात असते? शिकवता येत असेल तर कुठून सुरुवात करायची, किती आणि किती वेळा, हे आकड्यांसकट सांगितलंत तर बरं होईल.

---

दहा_औंस

दादा, आधी एक फरक मनात पक्का करा. पोट, बरगड्यांवरचे स्नायू, मान, पाय या गोष्टी सरावाने मार घ्यायला तयार होतात. मेंदू होत नाही. कवटीच्या आत द्रवात असलेला हा साधारण 1300-1400 ग्रॅमचा मऊ गोळा. त्याला बसलेल्या हादऱ्यांनी तो घट्ट होत नाही, झिजतो. म्हणजे डोक्याच्या बाबतीत तुमचं काम एवढंच, की ठोसा पोचला तरी कमी जोराने पोचावा, दिसत असताना पोचावा आणि सावध अंगावर पोचावा. कपाळावर थापट्या मारणं आजपासून बंद. मिठाच्या पाण्याने कातडीचं काही भलं होत असेल-नसेल, आतल्या मेंदूला त्याचा पत्ताही लागत नाही.

माणूस का पडतो ते बघा. सरळ नाकावर बसलेल्या ठोशाने डोळ्यांत पाणी येतं, दुखतं, पण सहसा माणूस पडत नाही. हनुवटीच्या टोकावर हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) बसला की पडतो. हनुवटी मानेच्या आसापासून सगळ्यात लांब आहे, म्हणून ती तरफेच्या टोकासारखी काम करते. तिथे बेताचा ठोसा बसला तरी डोकं झटक्यात वळतं, कवटी फिरते, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि आत पीळ बसतो. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पाय लटपटतात. पडणं ठरतं ते डोकं किती वेगाने गरकन फिरलं यावर, ठोसा किती दुखला यावर फारसं नाही.

यातून पुढचं सगळं निघतं. हनुवटी खाली, छातीकडे, पुढच्या खांद्याच्या आडोशाला. मुलांना "मान खाली घाल" म्हणू नका, ती जमिनीकडे बघायला लागतात. हनुवटीखाली एक टेनिसचा चेंडू धरायला लावा आणि नजर समोरच्याच्या छातीच्या वरच्या भागावर ठेवा. ग्लोव्हजकडे बघणारा नेहमी उशिरा हलतो. ठोसा सुरू होतो खांद्यातून, आणि छातीकडे बघितलं की दोन्ही खांदे एकदम दिसतात. चेंडू धरून दोन मिनिटांची शॅडो (हवेत ठोसे मारायचा सराव), रोज दोन फेऱ्या. चेंडू पडला की थांबायचं, उचलायचं, पुन्हा सुरू. बहुतेकांचा चेंडू स्वतः क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) मारताना पडतो. म्हणजे हनुवटी स्वतः हल्ला करतानाच उघडी पडते, हे मुलाला आपोआप कळतं.

डोळे मिटण्याचं. ही भीती नाही, शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, त्यामुळे ओरडून जात नाही. अंगवळणी पाडूनच जाते. पायऱ्या अशा:

पहिला आठवडा. जोडीदार ग्लोव्ह न घालता उघड्या तळव्याने सावकाश जॅब टाकतो, कपाळाला नुसता स्पर्श. घेणाऱ्याने हात गार्डमध्ये (बचावासाठी चेहऱ्याशी) ठेवायचे, काहीही अडवायचं नाही, फक्त डोळे उघडे ठेवून नाकाने श्वास चालू ठेवायचा. एका मिनिटाच्या तीन फेऱ्या. इथे कुणी जोर लावला तर सगळा खेळ बिघडतो, मुलाचे डोळे आणखी घट्ट मिटतात.

दुसरा-तिसरा आठवडा. 16 औंसचे ग्लोव्हज. एक जण फक्त जॅब मारतो, साधारण चौथाई जोराने. दुसरा मागच्या हाताच्या तळव्याने तो हनुवटीसमोर झेलतो. हात पुढे नेऊन झेलायचा नाही, ठोसा आपल्याकडे येऊ द्यायचा. हात पुढे गेला की पुढच्या वेळी फसवा जॅब येतो आणि त्यामागून क्रॉस मोकळ्या तोंडावर.

चौथ्या आठवड्यापासून जॅबविरुद्ध जॅब, मग जॅब-क्रॉस विरुद्ध फक्त बचाव, आणि शेवटी नियम एकच: अडवल्यावर एक ठोसा परत द्यायचाच. परत मारायचं आहे हे डोक्यात असलं की माणूस डोळे मिटत नाही, मिटून चालतच नाही.

गार्डबद्दल एक बारीक गोष्ट, जी फार कमी ठिकाणी सांगितली जाते. ग्लोव्ह आणि गाल यांच्यात चार बोटांची फट ठेवून हुक अडवला तर समोरच्याचा ठोसा तुमचाच ग्लोव्ह तुमच्या तोंडावर आणून आपटतो. ग्लोव्ह कानशिलाला टेकलेला हवा, कोपर खाली बरगड्यांशी, आणि ठोसा लागायच्या क्षणी मूठ आवळलेली. आधी पूर्ण वेळ आवळून ठेवली तर दीड फेरीत हात दगडासारखे जड होतात.

ठोशाबरोबर जाणं हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी. हुक डावीकडून उजवीकडे येत असेल तर डोकं आणि खांदे त्याच दिशेने थोडे फिरवायचे. धक्का तोच असतो, पण तो जास्त वेळात पसरतो म्हणून झटका कमी बसतो. उलट, येणाऱ्या ठोशाला समोरून डोकं भिडलं तर दोन्ही वेग एकमेकांत मिळतात. उंच मुलं सरळ ठोशाला कमरेतून मागे झुकतात आणि हनुवटी वर करतात, त्यांचं वेगळंच होतं: पहिला ठोसा चुकतो, दुसरा लांबलेल्या मानेवर बसतो. मागे जायचं तर वजन मागच्या पायावर घ्या, गुडघा वाकवा, हनुवटी खालीच. आणि सरळ मागे दोन पावलं झाली की तिसरं पाऊल बाजूला, हा नियमच करा. दोरीपाशी सापडलेल्या मुलाला डोकं न्यायला मागे जागा उरत नाही, प्रत्येक ठोसा पूर्ण बसतो.

अंतराचंही तसंच. हूल न ओळखता ठोशाच्या टोकाला उभं राहणं हे सगळ्यात वाईट, कारण हात पूर्ण सुटत असताना वेग सर्वांत जास्त असतो. एक तर बाहेर राहा, नाही तर चिकटून आत जा. आत गेलं की हुकचा अर्धा जोर मानेमागे, हवेत जातो. कुस्तीतून आलेल्या मुलांना आत जायची भीती नसते, ही तुमची जमेची बाजू आहे.

पाय राहिले. पाय खांद्याइतके लांब, मागची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल. दोन्ही पाय एका रेषेत आले की हलक्या ठोशानेही पोरगं बसतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं याची हनुवटीच कच्ची. निम्म्या "कच्च्या हनुवट्या" खरं तर कच्चे पाय असतात.

जन्मजात किती? काही असतं. कॅनडाचा जॉर्ज चुवालो व्यावसायिक कारकिर्दीत 93 लढती लढला, मुहम्मद अलीशी दोनदा, फ्रेझर आणि फोरमन या हेवीवेट विजेत्यांशी एकेकदा, आणि एकदाही खाली पडला नाही. फ्रेझर आणि फोरमनच्या लढती थांबवल्या गेल्या तेव्हाही तो उभाच होता. असं सगळ्यांना शिकवून येणार नाही. पण जे असतं ते संपतंही. अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनिअर मार्च 2003 मध्ये हेवीवेटला जाऊन जॉन रुइझला हरवून आला, मग वजन उतरवून परत लाइट हेवीवेट या खालच्या गटात. मे 2004 मध्ये अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत पाडलं, सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत. त्याआधी ज्याला ठोसा लागतच नव्हता त्याचं हे झालं. कारण वय, उतरवलेलं वजन की मंदावलेली नजर, यावर लोक आजही भांडतात. मुलांना यातून एवढंच सांगा की त्याची खरी ढाल हनुवटी कधीच नव्हती, ठोसा न लागू देणं हीच होती.

---

बरगडी_आणि_कोपर

वरच्या प्रतिसादात डोक्याचं आलं, मी पोटाचं लिहितो, कारण सरावाने खरा फरक तिथेच पडतो आणि मुलांना तो महिन्याभरात जाणवतो.

पोटात ठोसा बसल्यावर दोन वेगळ्या गोष्टी होतात. बरगड्यांच्या मधोमध, छातीच्या हाडाखाली बसला तर श्वासपटल आखडतं, श्वास आत जात नाही, माणूस घाबरतो. हे दहा-वीस सेकंदांत सुटतं. तेवढा वेळ गुडघे वाकवून, कोपर आत घेऊन, छोटे छोटे श्वास नाकाने घेत काढायचा. मोठा श्वास ओढायचा प्रयत्न केला की आणखी गुदमरतं.

दुसरा यकृतावरचा. उजव्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांखाली, समोरच्याच्या डाव्या हुकने. हा ठोसा विचित्र आहे. लागल्यावर क्षणभर काहीच होत नाही, पुढचा ठोसाही मारला जातो, आणि मग पाय मिटतात. डोकं स्वच्छ असतं, उठायची इच्छा असते, शरीर ऐकत नाही. 18 सप्टेंबर 2004 ला लास व्हेगासमध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर डी ला होयाला नवव्या फेरीत असाच बसवला; डी ला होया दहापर्यंतच्या मोजणीत उठू शकला नाही. असा ठोसा बसलेल्या मुलाला "नाटक करतोस का" असं कधी म्हणू नका.

यकृत पक्कं करता येत नाही. त्यावरचा स्नायूंचा पट्टा आणि त्याच्यापुढचं कोपर, एवढंच आपल्या हातात. उजवं कोपर कमरेच्या हाडाच्या वर चार बोटं, बरगडीला लागून. मुलं कोपर कधी उचलतात? जॅबला उजव्या हाताने झटकताना आणि स्वतः क्रॉस मारून हात सावकाश परत आणताना. पॅड धरणाऱ्याने प्रत्येक क्रॉसनंतर मुलाच्या उजव्या बरगडीला पॅडने हलकी टपली द्यावी. दोन आठवड्यांत कोपर आपोआप घरी येतं. डावखुऱ्या ठेवणीत उजवी बाजू पुढे असते, म्हणजे यकृत समोरच्याच्या आणखी जवळ. त्या मुलांवर दुप्पट लक्ष ठेवा.

आता पट्टा तयार करणं. प्लँक आणि बाजूचा प्लँक 30 सेकंदांपासून सुरू करून 60 पर्यंत, तीन-तीन वेळा. नुसत्या सिट-अप्स शेकड्याने काढून फायदा नाही; ठोसा बाजूने येतो आणि बाजूचे तिरके स्नायू पिळण्याच्या व्यायामाने तयार होतात. भिंतीला बाजूने उभं राहून 3 किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) कमरेतून फिरून आपटायचा, प्रत्येक बाजूला 10, तीन वेळा.

मग मार घ्यायची सवय. पाठीवर झोपवून जोडीदाराने 2 किलोचा बॉल पोटावर वीतभर उंचीवरून सोडायचा, 15 वेळा, दोन सेट. बॉल लागायच्या क्षणी तोंडाने "स्स" असा आखूड श्वास सोडायचा आणि पोट आवळायचं. दर आठवड्याला उंची चार बोटांनी वाढवा, हातभर झाली की वजन 3 किलो करा. 16 वर्षांखालच्या मुलांना त्यापुढे नेऊ नका. बॉल बेंबीच्या आसपासच पडला पाहिजे. बरगडीवर पडला तर बरगडी तडकते, ओटीपोटावर पडला तर आणखी वाईट. जेवणानंतर दोन तास नाही, आणि लघवीला जाऊन आल्याशिवाय नाही. ही शेवटची सूचना पाळाच, भरलेल्या मूत्राशयावर मार बसणं धोक्याचं असतं.

पुढची पायरी म्हणजे फक्त अंगावरचं स्पारिंग. डोक्याला हात लावायचा नाही, 16 औंस, दीड मिनिटाच्या तीन फेऱ्या, साधारण निम्मा जोर. आठवड्यातून दोनदा चालेल. मुलं इथे खऱ्या अर्थाने मुरतात, कारण इथे श्वास सोडणं, कोपर, पाय आणि ठोशाबरोबर वळणं हे सगळं एकत्र येतं आणि मेंदूचं काही जात नाही.

सगळ्यात जास्त चुकतो तो श्वास. श्वास घेत असताना ठोसा बसला तर पोट मऊ असतं, हलक्या ठोशानेही माणूस वाकतो. म्हणून प्रत्येक ठोसा मारताना श्वास सोडायची सवय आधी बॅगवर लावा. तीच पुढे ठोसा घेताना कामाला येते.

---

खेळफिजिओ

मानेबद्दल लिहिते, कारण ब्रिजचा विषय निघालाय.

तत्त्व सोपं आहे. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. मान सैल असेल तर ठोसा त्या पाच किलोलाच लागतो आणि डोकं उडतं. लागण्याआधी मान आवळलेली असेल तर डोकं धडाशी बांधलं जातं आणि तोच ठोसा जास्त वजनाला हलवायला बघतो. "लागण्याआधी" हा शब्द महत्त्वाचा. न दिसलेला ठोसा जास्त पाडतो त्याचं एक मोठं कारण हेच, की मान आवळायला वेळच मिळत नाही. म्हणून जाड मान उपयोगी आहे, पण नजरेची जागा ती घेऊ शकत नाही. अमेरिकेत शालेय फुटबॉल (सॉकर), बास्केटबॉल, लॅक्रॉस खेळणाऱ्यांवर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मजबूत मानेच्या मुलांना डोक्याच्या दुखापती कमी झालेल्या दिसल्या. त्या खेळांत हनुवटी नेम धरून मारत नाहीत, तेव्हा आकडा जसाच्या तसा बॉक्सिंगला लावू नका.

काय करायचं ते सांगते. आठवड्यातून तीन दिवस, सरावाच्या शेवटी. स्पारिंगच्या आधी कधीच नको, दमलेली मान सैल मानेइतकीच वाईट.

पहिले तीन आठवडे फक्त हाताचा रोध. तळवा कपाळावर, डोकं पुढे दाबायचं, हाताने अडवायचं, डोकं हलू द्यायचं नाही. 6 सेकंद, पाच वेळा. मग मागे, डावीकडे, उजवीकडे. त्यानंतर तळवा जबड्याच्या बाजूला ठेवून मान वळवायचा प्रयत्न. हे बरेच जण विसरतात, आणि हुक तर नेमका वळवतोच. पहिल्या आठवड्यात निम्माच जोर. यासोबत पाठीवर झोपून हनुवटी आत ओढायची, डोकं जमिनीपासून दोन बोटं उचलून 10 सेकंद धरायचं, आठ वेळा. मानेचे पुढचे खोल स्नायू असे तयार होतात. ते कच्चे असले की थकल्यावर हनुवटी आपोआप वर जाते.

चौथ्या आठवड्यापासून रबरी बँड किंवा डोक्याला बांधायचा पट्टा. पट्ट्याला अडीच किलोची प्लेट, 15 ते 20 वेळा, दोन सेट, सावकाश. तीन आठवडे त्रास झाला नाही तरच सव्वा किलो वाढवा. सोबत खांदे कानांकडे उचलण्याचा व्यायाम डंबेल घेऊन, 12 वेळा तीन सेट, कारण मान जिथे रुजलेली असते तो खांद्याचा स्नायूही भक्कम हवा.

ब्रिजबद्दल. पैलवानाला त्याची गरज आहे, चितपट होण्यापासून वाचायला तो तसाच पूल करतो, आणि लहानपणापासून वस्तादाच्या नजरेखाली हळूहळू शिकतो. बॉक्सरला ती स्थिती कधी येतच नाही. पूर्ण शरीराचं वजन मागे वाकलेल्या मानेवर घेतल्याने मणक्यांमधल्या गाद्यांवर दाब येतो, आणि मिळणारा फायदा वरच्या व्यायामांनी मिळतोच. जी मुलं आधीपासून व्यवस्थित करतात त्यांचा बंद करायची घाई नको. पण नव्यांना सुरू करून देऊ नका.

मान गोलगोल फिरवणंही नको. आणि हातात झिणझिण्या, बोटं बधिर, खांद्यात विजेसारखी कळ यातलं काही आलं तर व्यायाम त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे.

---

आखाडा_ते_रिंग

मनापासून आभार, वहीत उतरवून घेतलं. आणखी दोन विचारतो. हेडगार्ड आणि माउथगार्ड घातल्यावर जोराचं स्पारिंग चालेल का? पालकांचा तसा समज आहे. आणि मुलं मुहम्मद अलीचं उदाहरण देतात: दोरीला टेकून मार खाल्ला आणि फोरमनला दमवून पाडलं. त्यांना काय सांगावं?

---

दहा_औंस

अलीचं आधी. 30 ऑक्टोबर 1974, किन्शासा, आठव्या फेरीत फोरमन पडला, हे खरं. पण ती लढत पुन्हा बघायला लावा आणि अलीच्या हातांकडे बघायला सांगा. दोन्ही हात चेहऱ्यापुढे, बहुतेक ठोसे हातांवर, खांद्यांवर आणि कोपरांवर, कमरेतून मागे झुकल्यामुळे डोकं दोरीच्याही बाहेर, आणि सैल दोरी धक्का शोषून घेतेय. फोरमन जवळ आला की अली त्याची मान धरून खाली दाबतो आणि मध्येच सरळ ठोसे सोडतो. डोक्यावर फुकट मार घेण्याचा तो डाव नव्हताच. शिवाय त्याच्या मागचीपुढची पानंही वाचायला द्या. त्याआधी मार्च 1973 मध्ये केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला होता. 1975 ला मनिलात फ्रेझरशी चौदा फेऱ्या, 1980 मध्ये 38 वर्षांचा असताना लॅरी होम्सकडून एकतर्फी मार, आणि 1984 मध्ये पार्किन्सनचं निदान. त्याला ठोसे किती कारणीभूत यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. मात्र डोक्यावर वर्षानुवर्षं मार घेणाऱ्या बॉक्सरांच्या मेंदूवर परिणाम होतो हे हॅरिसन मार्टलंड नावाच्या डॉक्टरांनी 1928 मध्येच लिहून ठेवलं, त्यावर आता वाद उरलेला नाही. सरावात स्पारिंग पार्टनरकडून मुद्दाम मार घ्यायची अलीची सवय प्रसिद्ध आहे. ती सवय तुमच्या बॅचला लागू देऊ नका.

हेडगार्ड. तो भुवई फाटणं, कान सुजणं, डोक्याला डोकं आपटून जखम होणं थांबवतो. डोकं गरकन फिरणं तो थांबवत नाही. उलट डोकं आकाराने मोठं होतं, बाजूचं कमी दिसतं आणि मुलं बेफिकीर होतात. ऑलिंपिकमध्ये 1984 पासून हेडगार्ड सक्तीचा होता. 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ पुरुषांसाठी तो काढला आणि रिओला 2016 मध्ये पुरुष त्याशिवाय खेळले. तुमच्या वयोगटाला मात्र तो हवाच. पालकांना सांगा, हा कातडीसाठी आहे, मेंदूसाठी नाही.

माउथगार्ड दात, ओठ आणि जबडा वाचवतो. तोंड उघडं असताना हुक बसला तर जबडा मोडतो, म्हणून दात मिटलेले हवेत. दुकानातला, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा घ्या आणि पाकिटावर लिहिलेत तेवढेच सेकंद पाण्यात ठेवा. जास्त ठेवला तर पातळ होतो. बसवताना चावून धरायचं, बोटांनी बाहेरून गालावर दाबायचं आणि आतली हवा ओढून घ्यायची. तपासणी सोपी: तोंड उघडलं तरी तो वरच्या दातांना चिकटून राहिला पाहिजे. जो जिभेने धरून ठेवावा लागतो तो दुसऱ्या फेरीत तोंड उघडायलाच लावतो. दातांना तार लावलेल्या मुलांना दंतवैद्याकडूनच करून घ्यायला सांगा.

स्पारिंग किती? माझं मत स्पष्ट आहे. या वयात डोक्यावर पूर्ण जोराचं स्पारिंग लागतच नाही. तंत्राचं स्पारिंग, तिसऱ्या हिश्शाच्या जोराने, आठवड्यातून दोन दिवस. स्पर्धेआधीच्या महिन्यात मोठ्या मुलांना आठवड्यातून एकदा थोडं खुलं, तीन फेऱ्या, सारख्या वजनाच्या आणि सारख्या अनुभवाच्या जोडीदाराशी. शेवटचे दहा दिवस डोक्याला काही नाही. जोडी लावताना वजन बघतात, अनुभव बघत नाहीत, आणि मुलं तिथेच बिघडतात: दोन महिन्यांचा पोरगा दोन वर्षांच्या पोरापुढे उभा केला की तो शिकत नाही, घाबरायला शिकतो.

---

खेळफिजिओ

यात एक जोडते, कारण कोच इथेच फसतात. डोक्याला हादरा बसायला बेशुद्ध पडावं लागत नाही. बहुतेक वेळा मूल उभंच असतं. फेरीनंतर त्याने "ठीक आहे" म्हटलं तरी विचारा: आत्ता कितवी फेरी झाली? समोर कोण होतं? महिने उलटे म्हणून दाखव. उत्तर चुकलं एवढंच बघू नका, उत्तराला नेहमीपेक्षा वेळ लागला का तेही बघा. डोळे मिटून एका पायामागे दुसरा ठेवून 20 सेकंद उभं करा. डोकं दुखणं, मळमळ, उजेड नकोसा होणं, उगाच रडू किंवा राग येणं, यातलं एकही असेल तर त्या दिवशी ग्लोव्हज उतरवायचे, परत घालायचे नाहीत. काही लक्षणं रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात, म्हणून घरी कोणाला तरी सांगूनच सोडा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, झटका येणं किंवा जागं करूनही न जागणं, यात वाट बघायची नाही, थेट मोठ्या दवाखान्यात. तोवर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन द्यायचं नाही.

हौशी बॉक्सिंगच्या नियमांत डोक्यावरच्या मारामुळे लढत थांबली तर किमान 30 दिवस लढत आणि स्पारिंग दोन्ही बंद असतं, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर 90 दिवस, वर्षात तिसऱ्यांदा झालं तर वर्षभर. जिममधल्या स्पारिंगमध्ये झालं तरी हेच दिवस मोजा. रेफरी नव्हता म्हणून मेंदूला कमी लागलेलं नसतं. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर, विशेषतः या वयात, मेंदूला जिवावर बेतणारी सूज येऊ शकते.

---

बरगडी_आणि_कोपर

वजन उतरवण्याचं राहिलं. पाणी तोडून, दोन-दोन स्वेटर घालून पळून किलो काढलेलं पोरगं रिंगमध्ये ठोसा घ्यायला सगळ्यात वाईट स्थितीत असतं. पाय हलत नाहीत, नजर उशिरा लागते, मान लवकर दमते, आणि सुकलेल्या शरीरात मेंदूही जास्त नाजूक होतो असं मानायला जागा आहे. हौशी स्पर्धेत वजन सकाळी आणि लढत त्याच दिवशी, पाणी भरून निघायला वेळच नसतो. मूल जेवून-खाऊन ज्या वजनात बसतं त्याच गटात उतरवा.

आणि ठोसा खरोखर बसल्यावर काय करायचं, त्याचाही सराव असू द्या, नाही तर ऐनवेळी कुणालाच काही सुचत नाही. फेरी चालू असताना मध्येच "लागलं!" असं ओरडा. मुलाने लगेच दोन्ही हात कानशिलांना लावायचे, एक पाऊल आत जायचं, समोरच्याचे दोन्ही दंड आपल्या काखेत घट्ट धरायचे, डोकं त्याच्या खांद्यावर दाबायचं आणि दोन श्वास घ्यायचे. रेफरी सोडवतो तेवढ्यात पाय परत येतात. खाली पडलाच तर घाईने उठायचं नाही. एक गुडघा टेकून कोपऱ्यातल्या कोचकडे बघत आठपर्यंत मोजणी ऐकायची आणि मग उभं राहायचं. कुस्तीची मुलं पडली की लगेच उसळून उठतात, पाठ टेकू नये म्हणून. ही सवय आधी मोडा, फेरीमागे दोनदा गुडघ्यावर बसवून मोठ्याने मोजा.